बादलीतलं जीवामृत आणि हिचा कढीपत्ता

...नाही, वास येत होता, मान्य आहे, पण म्हणून थेट ड्रेनेजवाल्याला बोलवायचं? तुम्हाला सांगतो, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने शेणाच्या भानगडीत पडूच नये. पण पडलो! कशापायी? तर हिच्या कढीपत्त्यापायी. सासूबाईंनी सिन्नरहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं रोप ते. सासूबाई गेल्या, आणि आता झाडही पिवळं पडायला लागलं. ही रोज आंबट ताक घालायची, पण कुंडीतली माती अशी विटेसारखी घट्ट की ताक वरच साचायचं... आणि ही गळलेली पिवळी पानं वेचून आत जायची. मला ते बघवेना हो.

गेलो कृषी प्रदर्शनाला. तिथे भिकनराव म्हणून एक शेतकरी माईकवरून सांगत होते, "झाडाला नाय, मातीला खाऊ घाला. माती जिवंत पाहिजे!" झालं, भारावलो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, सगळं पाण्यात कालवून सावलीत ठेवायचं आणि रोज ढवळायचं, की झालं जीवामृत. शेणाची सोय ऑफिसातल्या वाल्मीकने केली. बेसन घरातलंच घेतलं. आता ते हिने लाडवांसाठी तुपात भाजून ठेवलेलं, हे मला कसं कळणार? खमंग वास आला, म्हटलं चांगल्या प्रतीचं दिसतंय!

दोन दिवसांनी खालच्या अंजलीताई दारात. "काका, तुमच्याकडेपण येतोय का हो वास?" म्हटलं, "येतोय थोडा." यात खोटं काय आहे? पण सेक्रेटरींनी ड्रेनेजवाला आणला, बिल्डिंगची सगळी चेंबरं उघडून साफ केली, आणि मी आपला गॅलरीत दार लावून बादली ढवळतोय... माती जिवंत पाहिजे!

खुरप्याने माती मोकळी केली, जीवामृत पातळ करून घातलं, वर पालापाचोळा पसरला. आणि एका सकाळी हिची हाक आली, "अहो, फुटलाय." डोळे भरलेले. बेसनाचं विचारलंसुद्धा नाही. मला तर काय करू नि काय नको झालं.

पण आनंदाच्या भरात हिने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं ना! आता रोज बेल. "काकू, चारच पानं हं." अंजलीताई तर अख्खी डहाळीच नेतात, वर म्हणतात, वास काय सुंदर आहे हो! ही हसून देते, आईचं झाड म्हणून कौतुकाने देते. आणि आमच्या पोह्यांना? तो मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून आणतो. असू दे... माती जिवंत आहे ना!