सात गेला

नाही हो, गच्चीचं नाव काढू नका — दारातच सांगितलं ना? शर्ट आवळायचाय म्हणालात म्हणून आत घेतलं. दाखवा शर्ट. हा? अहो, ह्याची तर घडीसुद्धा मोडलेली नाही, कॉलरला दुकानातली टाचणी तशीच आहे — आणि कंबर सैल होते म्हणे! बसा, बसा, ओशाळू नका, मला काय, आवळून देते. पण पायाशी ठेवलेल्या त्या पेटीत काय आहे ते मला विचारावं लागत नाही. आधी गच्चीवर यायचे त्यांचीही अशीच होती, काळी, कडक, आतून फोमची. वर चढवताना जिन्याचा कोपरा उडवला त्यांनी, अजून तसाच आहे, येताना ठेच लागली असेल तुम्हाला. — हं? मोठ्यानं बोला, आत रेडिओ चालू आहे ना. भाऊ आहे माझा. घोड्यांच्या शर्यतींचं धावतं वर्णन लावून बसतो, एका मैदानावरचं संपलं की दुसऱ्या मैदानावरचं. बसतो म्हणजे — पडून असतो. कमरेखाली काही हलत नाही. आवाज कमी कर म्हटलं की चिडतो, आणि मलाही ते बरंच आहे, इथं बोललेलं आत जात नाही. हात वर करा जरा. माप तर घेऊ द्या, आलाच आहात तर.

कोणी पाठवलं तुम्हाला? चष्मेवाल्यानं? वाटलंच. ताईला रंग कळतात म्हणाला असेल. हो, कळतात. ह्या मागच्या मैदानावर जॉकीच्या अंगावर जो शर्ट दिसतो ना, तो ह्या मशीनखालून गेलेला. ज्या मालकाचा घोडा, त्याचा रंग — कोणाला पट्टे हवे, कोणाला ठिपके, एका बाईला तर पाठीवर करवंद हवं होतं, करवंद! शिवलं. आणि आयुष्यभर शिवताना एकानं विचारलं नाही की बाई, तुला ह्यातलं काय कळतं. कपडा द्या, कपडा न्या, उद्याच्या आत हवाय, बटण सैल आहे. चष्मेवाल्यानं विचारलं. खुर्ची देऊन विचारलं. तिथंच फसले मी.

त्याचं गणित तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्याच धंद्यातले. लोकांना वाटतं टीव्हीवर दिसतं ते आत्ताचं. कसलं आत्ताचं! ते चित्र मैदानावरून निघून कुठं कुठं फिरून घरात येईपर्यंत शिळं होतं — फार नाही, एखादी शिंक येऊन जाईल एवढंच. पण घोडे पळत असतानाही फोनवर पैसे लावता येतात, अगदी शेवटपर्यंत, मग ज्याला त्या शिंकेच्या आधी दिसलं त्याचं फावलं. घरी बसलेला बिचारा ज्या घोड्यावर जीव ओवाळतोय तो घोडा मैदानावर केव्हाच मागं पडलाय. म्हणून ड्रोन. ड्रोनचं चित्र सरळ माझ्या गच्चीत, पत्र्याच्या शेडखाली, एक जण उडवायला आणि चष्मेवाला लॅपटॉपवर बोटं टेकवून. चोरी नाही ताई, म्हणायचा, आपण फक्त आधी बघतो. बोलण्यात साखर नुसती.

पण आधी दिसून उपयोग काय, कळायला नको? वरून घोड्याचा नंबर दिसत नाही. वरून दिसते टोपी, दिसते पाठ आणि घोड्याचं ढुंगण. निळे दोन असले की ह्यांची बोटं अडायची — कुठला निळा, कुठला निळा! मी सांगायचे, ज्याच्या टोपीचं बटण पांढरं तो चार. आणि नुसता रंग नाही हो. पाठीची शिवण. जॉकी गप वाकून बसलाय तोवर शर्ट पाठीवर पडून असतो, मऊ. घोड्याचा दम संपत आला की माणूस ढकलायला लागतो, खांद्यातून, आणि काखेपासची शिवण ताणली जाते. ती ताणली की समजायचं. घोडा अजून पुढंच असतो, पण मला कळलेलं असायचं. दोनच शब्द ठरले होते आमचे. ‘तीन आला’ — तीनवर लाव. ‘पाच गेला’ — पाच हरणार, लाव त्याच्या विरुद्ध. हरण्यावरच जास्त मिळायचं. गेला म्हटलं की चष्मेवाल्याची बोटं चालायची, आणि मी बघत राहायचे, शिवण ताणलेला तो पाच खरंच मागं पडायचा, आणि मग कुठं खालच्या गल्लीतल्या टीव्हीपुढची माणसं हळहळायची. मी आधीच हळहळून मोकळी. खरं सांगू? चटक लागली मला. मशीनवर कापड पडून राहायचं आणि मी वर.

भाऊ जॉकी होता, हो. आई गेल्यावर मीच वाढवला, चिमण्या म्हणायचे, अंगानं तेवढाच, म्हणून तर घोड्यावर बसवला लोकांनी. पण तेवढं मी पाळलं होतं हं — चिमण्या ज्या शर्यतीत असेल त्या शर्यतीला मी खाली यायचे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं त्यांना. आपल्या माणसाच्या पाठीवर मी बोलणार नाही, कानाला खडा. चष्मेवाला हसला, म्हणाला, जशी तुमची मर्जी. आणि तसंच चाललं. त्या एका दिवशी काय झालं, सातवर दुसराच जॉकी होता, त्याचं ऐन वेळी पोट बिघडलं आणि ह्याला बसवला. आता मला गच्चीवर कुठून कळणार? पिवळा शर्ट, जांभळ्या बाह्या, तो मी शिवलेला त्या दुसऱ्यासाठी, तो अंगानं आडवा. वरून काय, पिवळा ठिपका दिसतो एक. मला काय स्वप्न पडलं होतं आत कोण आहे ते?

टाचणी द्या ती. — सात पुढं होता. वळण संपलं, सगळे सरळ रस्त्याला लागले, सात एकटा पुढं, सगळ्या गावाचे पैसे त्याच्यावर. आणि शर्ट फुगला. असा शर्ट एकाच वेळी फुगतो, जॉकी रिकिबीत उभा राहिला की. आणि पुढं असलेला माणूस मधेच उभा का राहील? घोड्याचा पाय. त्याला खाली मांड्यांना कळलं पाय मोडलाय, मला वर शर्टावरून कळलं, बाकी कोणालाच अजून काही नाही. आणि मी म्हणाले, सात गेला.

चष्मेवाल्यानं लावले, जेवढे होते तेवढे सगळे. मग घोडा खाली आला, त्याच्यावरून मागचा आला, आणि हे दोघं उड्या मारायला लागले — उड्या हो, माझ्या गच्चीवर, एकमेकांच्या गळ्यात पडून. खाली गल्लीत अजून लोक सातच्या नावानं शिट्ट्या मारत होते. मला अजून त्या शिट्ट्या ऐकू येतात.

आता तुम्ही म्हणाल, ओरडून तरी काय झालं असतं, तू वर, तो तिकडं. तेच तर! वाचवता आलं असतं असं मी म्हणतच नाहीये. मी एवढंच म्हणते की माणसाच्या तोंडून काय निघतं. ‘अगं बाई’ निघत नाही, ‘चिमण्या’ निघत नाही, नंबर निघतो. अहो, तो शर्ट असा लोंबत होता त्याच्या अंगावर, आत दोन चिमण्या मावले असते, मी म्हटलंसुद्धा मनात, निदान काखेत दोन टाके घालून द्यायला हवे होते, आणि डावं कोपर बाहेर काढून बसायची खोड काही मोडत नाही मेल्याची, शर्यत सुटायच्या आधी गेटात उभा असताना सुद्धा — काय? नाही. नंतर. नंतर म्हटलं मी तसं, पडल्यावर. गेटात असताना मला कुठून —

असं बघू नका माझ्याकडे. बरं, ओळखलं! गेट उघडायच्या आधी ओळखलं, झालं समाधान? ज्याच्या पाठीला मी तेल लावून न्हाऊ घातलं ती पाठ मला कळणार नाही? उठले होते मी. जिन्यापर्यंत आले होते. चष्मेवाला म्हणाला, ताई, एवढी एकच, आजची सगळ्यात मोठी हीच आहे. आणि मी परत बसले. पैशासाठी नाही हो — पैशासाठीही असेल, पण मला वाटलं चिमण्या जिंकतोय आज, कधी नव्हे तो, आणि सगळ्या जगाच्या आधी मी म्हणेन, माझ्या तोंडानं म्हणेन, सात आला. ते म्हणायला बसले होते मी.

मग पडदे लावतात ना, हिरवे, चारी बाजूंनी, घोड्याला गोळी घालताना लोकांना दिसू नये म्हणून. वरून पडदे काय कामाचे? सगळं दिसलं मला. पलीकडं चिमण्या, पालथा, शर्ट तोंडावर आलेला. ड्रोन तिथंच ठेव म्हणाले मी, अजून जरा ठेव. तर तो उडवणारा म्हणतो, ताई, बॅटरी बदलायचीय, पुढची शर्यत आहे. आणि फिरवला त्यानं ड्रोन, आणि मला पडद्यावर माझंच छप्पर दिसायला लागलं.

ऑपरेशन कशातून झालं विचारू नका. विचारताच आहात डोळ्यांनी. त्यातूनच. चष्मेवाल्यानं माझा वाटा आणून दिला, मी घेतला, चिमण्याच्या पाठीत जे स्क्रू आहेत ते त्या ‘सात गेला’चे आहेत. त्याला सांगितलंय घोड्याच्या मालकानं खर्च केला. तो रोज त्या मालकाचे गुण गातो — देवमाणूस, म्हणतो, ताई, त्याचे शर्ट फुकट शिव. आणि तो मालक एकदा बघायलाही आला नाही, हात वर करून मोकळा झाला, घोडा विम्यात होता त्याचा. मी हो हो म्हणते आणि शिवते. त्याला वाटतं मी त्या वेळी खाली मशीनवर होते, गल्लीत आरडाओरडा ऐकून धावले. तेवढंच एक त्याच्याजवळ धड आहे हो, की आपली ताई धावत आली. ते कोणी काढून घेतलं तर मी काय करू?

म्हणून सांगते, उचला ती पेटी. दुसरी गच्ची बघा, दुसरी ताई बघा. शर्टाचं काही द्यायचं नाही, टाचण्या तेवढ्या जपून काढा, टोचतात — आणि हे बघा, बाहेर कोणाला —

थांबा. रेडिओ कधी बंद झाला?

आत्ता चालू होता ना? आठवा ना जरा, मी ते गेटाचं बोलले तेव्हा चालू होता का? अहो, बोला ना, मघापासून कान कुठं होते तुमचे?

चिमण्या? सेल संपले का रे? ... काय म्हणालास? ... हो, गिऱ्हाईक आहे. शर्ट आणलाय. ... नाही रे, अजून नाही गेला. जातोय.

उठा तुम्ही. उठा म्हणते ना. पेटी भिंतीला आपटू नका.

चिमण्या, रेडिओ लाव ना रे.