बायजाबाईच्या बांधीतला वाफा

साकोलीच्या बसस्टँडवर सानगडीच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या.

"बायजाबाई, विहाराच्या कमानीवरून दोन वर्षाआधी गावात भांडण झालं, तवापासून आज पहिल्यांदा बोलून राहिली मी तुह्याशी."

"बोल ना वं, चंद्रभागा."

"माह्ये धानाचे पऱ्हे सडले. रोवणा अडला, बांधीत लावाले रोपच नाही. तुमच्या मोहल्ल्यात मागाले यायची हिंमत नाही झाली."

"माह्या बांधीतले ने. तुह्यासाठी वाफाभर जास्त टाकलेच आहेत, पहिल्यासारखे."

"खरंच? मंग आजच पेंढ्या बांधू. तुमच्या बायाईले सांग, आमच्या मी आणतो. उद्या सकाळीच रोवणा लावू. गाणं तूच सुरू करजो."

"करतो."

"थांब वं. मंग मागच्या दोन वर्षी नसतीन टाकले."

"टाकले होते."

"त्याईचं काय केलं?"

"बैलाईले चारले. तू आलीच नाही."