बाभळीखालचं जाळं

शिवशंकर : अजून उजवीकडं घ्या, फरीदाबी. त्या बुडालेल्या बाभळीपर्यंत.

फरीदा : बाभळीकडं काय हाय, आप्पा? पाणी कुठवर चढलं ते बघायचं, म्हणले होते तुम्ही. तलावाची भिंत तर कवाच मागं राहिली.

शिवशंकर : माझ्या बोटीचं इंजिन बसलं म्हणून तुम्हाला बोलावलं. सवाल-जवाब करायला न्हाई.

निजामोद्दीन : घे की, फरीदा. आप्पा म्हणतेत तर घे. तलावाचा ठेका त्यांचा हाय.

फरीदा : मासळीचा ठेका हाय, सादचे अब्बा. बोट आपली हाय.

निजामोद्दीन : हाव गं, आपलीच. मी कुठं न्हाई म्हंतो? पण जरा गोडीनं बोल.

शिवशंकर : बोलू द्या, निजामभाई. दोन महिने झाले बोट खुंट्याला बांधून. घरात बसून माणसाचं डोकं फिरतंय.

फरीदा : बसलेच की घरात. अंड्याचा हंगाम हाय, जाळं बंद, गळ बंद, सरकारनं सांगितलं. आम्ही ऐकलं. परवा हैदराबादचे पाहुणे आले गळ घेऊन. दर साली आपली बोट भाड्यानं घेतेत बिचारे. "दीदी, फक्त एक चक्कर," म्हणून मागं लागले. चहा पाजला अन् परत लावून दिलं.

शिवशंकर : बरं केलं. कायदा कायदा असतो.

फरीदा : त्यावर तुम्ही मासळी खात्याच्या बैठकीत उभं राहून काय म्हणले? गळवाल्या बोटींनीच तलाव खाली केला, त्यांना बारा महिने बंदी घाला.

शिवशंकर : माझं मत सांगितलं. खात्याचे साहेब त्याचा विचार करून राहिलेत.

निजामोद्दीन : फरीदा, वेग कमी कर. पाण्यावर कायतरी तरंगून राहिलंय. डबे हायत जणू.

शिवशंकर : काही न्हाई, कचरा हाय. तुम्ही वळसा घालून... अहो, वळसा घाला म्हणतो ना!

(इंजिन घरघरतं आणि बंद पडतं.)

फरीदा : पंख्यात काय गुंतलं, बघा जरा.

निजामोद्दीन : जाळं हाय. बाप रे, लई लांब गेलंय. थेट बाभळीपर्यंत.

फरीदा : वर ओढा.

शिवशंकर : ओढू नका! पंख्यापुरतं सोडवा अन् चला. कुणाचं तरी जुनं पडलेलं असंल.

फरीदा : जुनं? दोरी कोरी हाय, आप्पा. शेवाळाचा एक डाग न्हाई. अन् हे बघा, माझी करंगळी जात न्हाई ह्यातून. असलं बारीक जाळं तर उन्हाळ्यातबी टाकायचं न्हाई.

निजामोद्दीन : अल्ला! सगळी बोटुकली अडकलीत. इवली इवली पिल्लं हायत, फरीदा. अन् ही रोहू बघ, पोट कसं तटतटलंय. अंड्यावर आलीय.

फरीदा : जित्ती हाय?

निजामोद्दीन : हाय. तोंड हलवून राहिली.

फरीदा : म्हणून इकडं आणलं का आम्हाला? तुमची बोट बंद, तर आमच्या बोटीतून जाळं उचलायचं? कुणी बघितलं तर म्हणायला मोकळे, गळवाल्या बाईनंच टाकलं होतं.

शिवशंकर : हे बघा, उगं आवाज चढवू नका. तलावात बीज मी सोडलं. मासा माझा हाय.

फरीदा : बीज सोडलं असंल. ही अंडी तुम्ही घातली का?

निजामोद्दीन : फरीदा!

शिवशंकर : तोंड सांभाळ, बाई. माझ्या सहीशिवाय तुझी बोट पाण्यात उतरत न्हाई. पुढच्या हंगामात काठावर उपडी घालून ठेव, कोंबड्या बसतील तिच्यावर.

फरीदा : ह्या सहीपायीच इतकी सालं गप बसले मी. तुमचे पाहुणे फुकट फिरवले, तुमच्या पोरांचे वाढदिवस बोटीत केले. आता न्हाई. सही देऊ नका. मी नांदेडला जाऊन साहेबाच्या साहेबासमोर बसंन.

शिवशंकर : निजामभाई, हिला बाजूला बसवा. सुकाणू तुम्ही घ्या.

निजामोद्दीन : मला... मला न्हाई जमत, आप्पा.

शिवशंकर : न्हाई जमत? अहो, हिला बोट तुम्हीच शिकवली ना!

निजामोद्दीन : हाव. मीच शिकवली. तवा जमत होतं. आज न्हाई जमत.

शिवशंकर : म्हणजे तुम्हीबी?

निजामोद्दीन : फरीदा, चाकू दे. पंख्यातलं मी कापतो.

फरीदा : पंख्यापुरतंच कापा. बाकीचं आत ओढू. पण आधी त्या रोहूला मोकळं करा. फेकू नका, पाण्यात धरून ठेवा जरा.

निजामोद्दीन : धरली. ए बाई, हल की... थांब, शेपूट मारली. गेली! खाली गेली, फरीदा!

फरीदा : जाऊ द्या तिला. आता दोघं मिळून ओढू. आप्पा, पाय उचला, जाळं तुमच्या पायाशी येतंय.

शिवशंकर : लई महागात पडंल तुला हे. खात्याच्या चौकीवर नेणार ना? ने. साहेब माझ्या घरी जेवतो.

फरीदा : जेवू द्या. साहेब नसले तर चौकीच्या पायरीवर पसरून ठेवते. आज मुखेडचा बाजार हाय. अर्धं गाव तिथंच एसटीची वाट बघत उभं असंल. त्यांनाबी बघू द्या, तलाव कुणी खाली केला ते.

निजामोद्दीन : पंखा मोकळा झाला. इंजिनची दोरी मार.

फरीदा : धरून बसा, वळवते.

शिवशंकर : इकडं न्हाई! माझी गाडी त्या काठाला हाय. थांबव बोट. ऐकू येतंय का? मला इथंच उतरव!

फरीदा : बसा, आप्पा. इथं पाणी लई खोल हाय.