झाकणावरचे दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. वर्नल टीग, व्यासपीठावर, म्हणजे दोन टेबलं जोडून त्यांवर चादर अंथरली आहे त्यामागे, बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. हॉबर्ट टॅकेट, त्यांच्या शेजारी त्यांची टोपी सांभाळत बसलेल्या सौ. ओफेलिया, पायवाट मंडळाचे आजी-माजी सभासद आणि कॅरिसो फ्लॅट गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं आणि एक ग्लास पाणी दिलं आहे. जेवणातले तमाले, मक्याच्या पानातले, गरम आहेत हे मला ठाऊक आहे. पण अठ्ठावीस वर्षं या गावच्या शाळेत मी गोष्टी वाचून दाखवल्या. पाच मिनिटांत मी कधी पुस्तकसुद्धा उघडलेलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

हॉबर्ट परवा लेकीकडे निघाले आहेत. समुद्राकाठी, जिथे म्हणे आठवड्यातले पाच दिवस पाऊस पडतो. ज्याने एकतीस वर्षं वाळवंटात पाणी वाहिलं, त्याने म्हातारपणी पावसात जाऊन राहावं, याला काय म्हणायचं? ओफेलिया म्हणते, "तिथे तरी हा माणूस घरात बसेल." मला शंका आहे. तिथेही एखाद्या झाडाखाली ते पाण्याचे दोन कॅन ठेवून येतील.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगते. आपल्या पायवाटेवर खालच्या झऱ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत बावीस मैल पाण्याचा थेंब नाही. त्यात चौदाव्या मैलावर, खडकाच्या कपारीशी, पांढरी लोखंडी पेटी आहे. आत पाण्याचे कॅन, क्षाराच्या पुड्या, डबाबंद पीच, एक चादर आणि एक वही. दर गुरुवारी हॉबर्ट कोरड्या ओढ्यातून पिकअप जाईल तिथवर नेतात आणि उरलेला अर्धा मैल कॅन पाठीवर घेऊन चढतात. पेटीला कुलूप नाही, कधीच नव्हतं.

मी काही वेळा त्यांच्यासोबत गेले आहे. मे महिन्यातल्या दुपारी तिथे काय होतं, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. समोरचे डोंगर जमिनीपासून सुटतात आणि हवेत राहतात. आपण बोललो तर आपलाच आवाज मागून, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा येतो. आणि उन्हाने कॅन फुगले की पेटीतून आवाज येतो, टक, टक. पहिल्यांदा मी दचकले होते. हॉबर्ट म्हणाले, "पाणी झोपेत बोलतंय. झाकण हळू लाव, जागं होईल."

तो आवाज अजून माझ्या स्वप्नात येतो. का येतो, ते सांगायलाच आज मी उभी आहे. तसं मला फक्त आभार मानायला सांगितलं होतं. वर्नल, असा घड्याळाकडे बघू नकोस.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मोटरसायकलवाले हौशी लोक ओढ्यापर्यंत यायचे, पेटीतल्या पाण्याने पाय धुवायचे, कुत्र्यांना अंघोळ घालायचे. शनिवारपर्यंत पेटी रिकामी. मंडळाच्या तीन बैठका झाल्या. ठराव काही झाला नाही, कॉफी मात्र बरीच झाली. आता तुम्हाला माहीत आहे, गावातल्या सगळ्या पाट्या मी रंगवते. बेकरीची, चर्चची, आणि या हॉलबाहेरची 'येथे गाड्या लावू नयेत' ही, जिच्यासमोर आत्ता नऊ गाड्या उभ्या आहेत. अक्षर सुंदर असलं की माणसाला वाटतं, आपण लिहू ते लोक ऐकतील. मार्चमध्ये एका सकाळी मी हॉबर्टच्या शेडमधून लाल रंग उचलला, कुणाला न विचारता वर गेले आणि पेटीच्या झाकणावर वीतभर अक्षरांत दोन शब्द लिहिले: 'फक्त संकटकाळी'.

लिहून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन मी ते कौतुकाने पाहिलं होतं, हेही सांगायला हवं. हॉबर्टना ते गुरुवारी दिसलं, पण पाणी टिकायला लागलं म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

मे महिन्यात लोवेल सुंडक्विस्ट आले. मिनेसोटाचे, शाळेत संगीत शिकवणारे, एकटेच चालत. मिनेसोटाची माणसं तुम्हाला माहीत आहेत. ताटातला शेवटचा तुकडा घ्यायचा नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा म्हणायचं, 'बरं, अर्धा द्या.' आपण त्यांना हसतो. लोवेल पेटीपाशी पोहोचले, झाकण वाचलं, वही काढली आणि झाकण पुन्हा लावलं. त्यांनी त्या दिवशी लिहिलेलं पान माझ्याकडे आहे. वाचते.

"सकाळी अकरा. चांगली पेटी. ठेवणाऱ्याला धन्यवाद. माझ्याकडे अजून दोन घोट आहेत. हे संकट नव्हे."

"साडेबारा. घोट संपले. मागून कुणी येत असेल तर त्याला जास्त गरज असेल. जरा थांबून बघतो."

"दोन वाजले. पेटीत कुणीतरी ताल धरला आहे. मुलांना शिकवायला हवा असा."

पुढे वेळ लिहिलेली नाही, ओळी उतरत गेल्या आहेत. "डोंगर तळ्यात तरंगताहेत. पलीकडच्या काठावर आई वाळलेले कपडे काढते आहे. हाक मारली तर येईल. पण तिला कशाला त्रास?"

तो सोमवार होता. सोमवारी वर कुणी जात नाही. पण आदल्या गुरुवारी हॉबर्ट आपली टोपी पेटीवर विसरून आले होते. चार दिवसांत टक्कल भाजून लाल झालं, तेव्हा ओफेलियाने त्यांना घराबाहेर काढलं. "टोपी घेऊन ये, मग जेवायला बस. डोकं मानेला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही तिथेच ठेवून आला असतास." ओफेलिया, तुझ्या त्या तोंडाला या गावाने हार घालायला हवा.

तीनच्या सुमाराला हॉबर्ट पोहोचले. लोवेल पेटीला पाठ टेकून बसले होते. पाठीमागे अकरा भरलेले कॅन. हॉबर्टची टोपीसुद्धा त्यांनी डोक्यावर घातली नव्हती. दुसऱ्याची वस्तू म्हणून मांडीवर जपून ठेवली होती.

हॉबर्ट म्हणाले, "पी."

लोवेलनी विचारलं, "हे संकट आहे का?"

"माझ्यासाठी आहे. पी."

"तुम्हाला पुरेल ना?"

लोवेल वाचले. पण मूत्रपिंडं अधू झाली आणि त्यांचं लांब चालणं कायमचं सुटलं. हेलिकॉप्टर त्यांना घेऊन गेलं, त्यानंतर हॉबर्टनी पॉलिश पेपरने झाकण घासून लख्ख केलं. त्यामुळे ते दोन शब्द गावाला कळले ते लोवेलनी रुग्णालयातून सांगितले म्हणून. त्या दोन महिन्यांत हॉबर्टशिवाय गावातलं कुणी वर गेलं नव्हतं, त्यामुळे माझं अक्षर कुणी पाहिलंच नाही.

मग याच हॉलमध्ये बैठक झाली. वर्नल, तू इथेच उभा होतास. तू विचारलंस, "हा शहाणपणा कुणाचा?" मी तिसऱ्या रांगेत होते. उठायचं ठरवूनच आले होते. बसूनच राहिले. आणि मागून हॉबर्ट उठले, म्हणाले, "रंग माझा होता." एवढंच बोलून खाली बसले. खोटं नव्हतं ते. रंग त्यांचाच होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांना मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढलंत. खानावळीत कितीतरी वर्षं चालायचं, "हॉबर्ट, मिठाची बाटली सरकव, की संकट यावं लागेल?" ते हसायचे. एकदा मीही हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्यांना ठाऊक होतं का? बैठकीनंतर आठवड्याने माझ्या पायरीवर माझा ब्रश सापडला. मी तो वर कपारीत विसरले होते. स्वच्छ धुतलेला. नंतर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "केस अजून चांगले आहेत त्याचे. टाकू नकोस." एकोणीस वर्षांत या विषयावर आमचं झालेलं बोलणं ते एवढंच.

झाकणावर आता त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं आहे, तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे: 'तहान लागली? पी. मागच्याचं मी बघतो.'

तर मित्रहो, रंग त्यांचा होता. अक्षर माझं होतं. परवा ते गाव सोडतील, तेव्हा हा डाग त्यांनी सोबत नेऊ नये. लोवेलना मी गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही. येत्या गुरुवारपासून मी वर जाणार आहे. माझे गुडघे अडुसष्ट वर्षांचे आहेत, तेव्हा ज्यांच्या गाड्या त्या पाटीसमोर उभ्या आहेत, त्यांनी एकेक कॅन उचलायला यावं.

अध्यक्षांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषण संपवताना बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. आजवर मीही ते नुसतं म्हणत आले. आज मागते आहे. तुमच्याकडे नंतर, आधी हॉबर्टकडे.

हा ग्लास मघापासून इथे भरलेला आहे आणि माझा घसा पार सुकला आहे. का कुणास ठाऊक, हात पुढे होत नव्हता.

हॉबर्ट तो माझ्याकडे सरकवताहेत. पिते.