भुतावर धरलेला तळहात

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय शुभदाताई, व्यासपीठावर संकोचून बसलेले आपले सत्कारमूर्ती धुळाप्पामामा, पहिल्या रांगेतल्या चंद्रव्वामावशी, दोघांना न्यायला अकलूजहून आलेली त्यांची लेक सिद्धेश्वरी, आणि चित्रमित्र मंडळाच्या रसिक सभासदांनो,

सोलापूरच्या थिएटरात मामांनी चाळीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवलं, शिवाय आपल्या मंडळाचा माइक आणि पडदाही सांभाळला. आता ते लेकीकडे राहायला निघालेत. अशा वेळी गुणगौरव करायचा असतो. मी मात्र आधी एक कबुली देणार आहे.

विहिरीतल्या भुताचा तो जुना भयपट मी कॉलेजात असताना मामांच्याच थिएटरात सात वेळा पाहिला. शेवटी भूत वर येतं आणि नेमका पडदा काळा होतो. अंधारात नुसती किंकाळी. मी भारावून गेलो. पुढे प्राध्यापक झाल्यावर ‘न दाखवलेलं भूत’ या विषयावर मी याच मंडळात तीस वर्षं व्याख्यानं दिली. काय त्या दिग्दर्शकाचा संयम, असं म्हणायचो. आपण टाळ्याही वाजवल्यात, आता हसू नका.

इतकी वर्षं पुन्हा कुठं पाहायला न मिळालेल्या त्याच सिनेमाची नवी, लख्ख ब्लू-रे डिस्क गेल्या महिन्यात आली, ती आपण मंडळात लावली. मी ऐटीत उभा राहून म्हणालो, बघा, आता काहीही दिसणार नाही. आणि काय दिसलं? भूत. चांगलं वीस सेकंद! चित्र इतकं स्वच्छ की मुखवट्याची दोरी दिसली, भुताच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. आपल्या मंडळाच्या मल्लिनाथ वकिलांनी तर त्यातली वेळही वाचून सांगितली. माझी पार शोभा झाली. घरी जाऊन मी डिस्क काढणाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं, की हे भूत तुम्ही मागाहून घातलंत.

पत्र टाकायला निघालो तर मामा दारात.

“यशपाल सर, भूत पयल्यापासनं हाय की. मीच मशीनच्या भिंगाम्होरं हात धरत हुतो.”

झालं होतं असं. सिनेमा लागला त्याच दिवशी मावशी डबा घेऊन आल्या, सातवा महिना होता, हौसेनं बाल्कनीत बसल्या. भूत बघून इतक्या घाबरल्या की दवाखाना गाठावा लागला. सुदैवानं सगळं ठीक निघालं. पण पुढचे नऊ आठवडे, चारही खेळांना, मामांनी त्या वीस सेकंदांवर तळहात धरला. थिएटरात कुणाला कितवा महिना आहे, हे मशीनखोलीतून कसं कळणार?

मी विचारलं, मग मला माइक लावून देताना तीस वर्षं गप्प का राहिलात?

“तुमी लई जीव लावून सांगत हुता. म्हणलं, कशाला मोडायचं?”

मंडळी, ज्याचा संयम मी वाखाणत होतो, तो माणूस वर मशीनखोलीत घाम पुसत उभा होता. व्याख्यान मी फाडलेलं नाही, फक्त त्यातलं नाव बदललंय.

चहानंतर तोच सिनेमा लावणार आहोत. तेव्हा पोटात असलेल्या सिद्धेश्वरीनं तो अजून पाहिलेला नाही, घरात बंदीच होती. तिला भूत दाखवायचं की नाही, ते मामांनी ठरवावं. प्रोजेक्टरशेजारची खुर्ची त्यांच्यासाठीच ठेवली आहे.

मंडळानं बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलताना माझं कुठं चुकलं असेल, तर मामा, तेवढ्या जागेवर हात धरा.