आतल्यांसाठी पत्रं

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, नणंद आणि भावजय. दूरदेशी संप केला म्हणून तुरुंगात डांबलेल्या कामगारांना लिहिलेली पत्रं त्यांच्या पिशवीत होती.

"वहिनी, आज पंधराच?"

"सोळावं त्या गिरणीतल्या बाईला लिहायचं होतं. पण ती सुटली. तिचंच पत्र आलंय."

"सुटली? मग तुमचं तोंड असं का?"

"वाच."

"'धीर सोडू नका. तुम्ही आत असलात तरी बाहेर आम्ही आहोत.' अहो, ही तर आपलीच वाक्यं!"

"पाकिटावर नाव बघ."

"तुमचंच आहे. यादीत गोंधळ झाला असेल. लिहिणाऱ्यांचा रकाना आणि कैद्यांचा रकाना शेजारीशेजारीच असतो. मी नाही का एकदा जेलरलाच 'धीर सोडू नका' म्हणून लिहिलं होतं!"

"शेवटची ओळ वाच."

"'लेकीची काळजी नको. ती तुमच्या ताईकडे सुखरूप आहे.' तुम्हाला ताई आहे हे तिला कसं कळलं?"

"मी कधीच लिहिलं नव्हतं. आणि शिक्का गेल्या महिन्यातला आहे."

"तुमची चिमणी आत्ता कुठाय?"

"घरी. अभ्यास करतेय. तासाभरापूर्वी तिनंच दार लावून घेतलं ना!"

"तिला फोन लावा बघू."

"लावलाय. वाजतोय."

"पुढे या," खिडकीतला कारकून म्हणाला. दोघी हलल्या नाहीत.

"उचलला?"

"उचलला."

"मग बोला ना तिच्याशी!"

"ताई बोलतेय. म्हणतेय, पोरगी माझ्याकडे आहे, तू घरी जाऊ नकोस."