कुलूपबंद टाक्याचे आठ दिवस

पाणी गळताना मी पाहिलेलं नाही, कचरू मिस्त्री — एकदाही नाही, हे आधी लक्षात घ्या. आमचे ड्रायव्हर निवृत्तीभाऊ रोज सकाळी मोटारीच्या रेडिएटरमध्ये अर्धी बादली ओततात, असं तेच सांगायचे. ओततानाही मी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते एवढंच, की ऐन उन्हाळ्यात आमच्या टाक्यातलं पाणी रोज अर्धी बादली जातंय. म्हणून मी मोटारीखाली वर्तमानपत्र पसरलं — दोन दिवस, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून. कोरडं. नागपूरला एम.एस्सी. केलेलं माणूस यावरून काय म्हणेल? पाणी बंद नळ्यांतून फिरतं, खाली थेंब नाही, म्हणजे ते गाडीत जातच नाही. मग जातं कुठे? निवृत्तीभाऊंच्या घरी. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "गाडी पिऊन राह्यली बाई, मी नाई." मला ती थट्टा वाटली — सत्तेचाळीस सालची मोटार, बाबांनी घेतली तेव्हापासून सतरा वर्षं याच माणसानं चालवलेली, तरी थट्टाच वाटली.

मग टाक्याला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. आठ दिवस थेंब दिला नाही. आणि गाडी? वडनेर भोलजीला जाऊन आली, मलकापूरला दोनदा — कुठे थांबली नाही. सिद्ध झालं, नाही का? नवव्या दिवशी अंगणात, गड्यामाणसांदेखत त्यांना कामावरून काढलं. चोर म्हटलं नाही हं मी — 'अफरातफर' म्हटलं. त्यांची रुक्मिणीबाई फाटकाशी उभी होती. तिनं विचारलं, "अफरातफर म्हंजे काय जी, बाई?" — आणि मी अर्थ सांगितला.

त्यांना काढल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन निघाले. रोहिणखेडच्या अलीकडे इंजिन तापलं, आचके दिले, बंद पडलं. बैलजोडी लावून तुमच्याकडे आणली. आणि आता ही तेलाची पट्टी तुम्ही माझ्यासमोर धरलीय — दुधासारखा फेस. पुन्हा सांगा. गॅसकेट फुटलंय, पाणी इंजिनाच्या आत शिरतं, वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं — म्हणून जमीन कोरडी? कधीपासून? ...तीन महिने. नक्की?

नाही, दुरुस्तीची घाई नको, गाडी राहू द्या. धामणगाव बढेचे उकंडराव निवृत्तीभाऊंना ट्रकवर घेणार होते. त्यांनी माझं मत विचारलं, मी दिलं — लेखी, मुद्देसूद. पत्र काल गेलं. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं, मान्य. आता एस.टी.नं जाऊन उकंडरावांसमोर एकेक मुद्दा परत घ्यायचा, त्यांनी ऐकून घेतलं तर.

पण एक उरतं. पाण्याशिवाय ही एक दिवसही चालली नसती, असं तुम्हीच म्हणताय — आणि ती आठ दिवस चालली. म्हणजे ते भरत होते. मला न सांगता — सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं? नसतं ऐकलं. पण भरत कुठून होते? त्यांच्या गल्लीतली विहीर चैत्रातच आटली. माझं कुलूप शाबूत होतं. ...तो पाना खाली ठेवा, मिस्त्री. तुम्हाला माहीत आहे? ...राहू द्या. माझी एस.टी. लागली. रोज अर्धी बादली, आठ दिवस — कोणाचं पाणी होतं ते, मला अजून माहीत नाही.